चाकामागचा दगड

परवा नातसून मला पेपर वाचून दाखवत होती. मोटार शिकणाऱ्यांना द्रुतगती रस्त्यावर नेऊन शिकवावं की नाही, यावर लोकांनी मतं दिली होती. एक म्हणत होता, न्यावं, नाहीतर लायसन मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी तिथे जाऊन काय दिवे लावणार? दुसरा म्हणत होता, छे, आधी नीट शिकू द्या, मग न्या. मी हसले. तिला वाटलं, म्हातारीला काही कळलं नाही. मला चांगलं कळलं. हाच वाद मी साठ सालाच्या पुढेमागे मुळशी खोऱ्यात ऐकलाय, आणि तेव्हा तो एकट्या माझ्यावरून चालला होता.

मी तेव्हा मुख्यसेविका होते. हे पद आता कुणाला ठाऊक नसतं. गावोगावच्या ग्रामसेविकांवर देखरेख ठेवायची, बायकांना बाळाच्या खाण्यापिण्याचं सांगायचं, सुईणींना हत्यार उकळून घ्यायला शिकवायचं आणि महिन्याला एक अहवाल लिहायचा, असं ते काम. खोरं मोठं, त्यातलं निम्मं धरणाच्या पाण्याखाली गेलेलं, आणि उरलेल्या वाड्या पाण्याच्या कडेकडेनं विखुरलेल्या. जिथवर एस.टी. जाई तिथवर मी एस.टी.नं जाई, पुढे चालत. अहवालात 'भेट दिली' एवढंच लिहायचं असे. किती मैल पाय तुडवून दिली, याला रकाना नव्हता.

एके दिवशी कचेरीच्या अंगणात एक कोरी करकरीत जीप येऊन उभी राहिली. बायका-मुलांच्या कामासाठी, कुठल्याशा परदेशी मदतीतून आलेली. सोबत चार पानांचं पत्र होतं. गाडी कशी धुवावी, टायरात हवा किती असावी, सगळं त्यात होतं. चालवायची कुणी, एवढं मात्र नव्हतं. कचेरीत ड्रायव्हर एकच, तो साहेबांच्या जुन्या जीपवर. दुसरी जागा मंजूर नव्हती. त्यामुळे नवी गाडी चिंचेखाली उभी राहिली ती राहिलीच. शिपायाच्या कोंबडीनं तिच्या मागच्या बाकाखाली अंडी घातली आणि उबवलीसुद्धा. बालकल्याणाचं त्या गाडीनं केलेलं पहिलं काम ते.

दिवाळीनंतर दुसरं पत्र आलं. गाडी मार्चअखेरपर्यंत वापरात आली नाही, तर ती दुसऱ्या तालुक्याला देण्यात येईल. लायसन असलेल्या कोणत्याही कर्मचाऱ्यानं ती चालवावी. साहेबांनी पत्र वाचलं आणि फाइलीत टाकलं. त्यांच्या चेहऱ्यावर सुटकेचा भाव होता. गाडी गेली की तिच्यामागचे कागदही जाणार होते.

माझा मात्र जीव खाली-वर झाला. धरणापलीकडच्या एका वाडीत एक म्हातारी सुईण होती. माझ्या सगळ्या सुईणींत हिचा हात सर्वांत चांगला, आणि जीभ सर्वांत तिखट. तिची स्वतःची थोरली लेक बाळंतपणात अडली होती. तिला झोळीत घालून, झोळी बांबूला बांधून, चौघांनी खांद्यावर उचलली आणि पाण्याला वळसा घालत निघाले. रस्त्याला लागण्याआधीच ती गेली. म्हातारीनं मला हे सांगितलं ते एस.टी. चुकल्याचं सांगावं तशा आवाजात. मी तिच्याकडे जेवायला बसले होते. सांगता सांगता तिनं माझ्या ताटात दुसरी भाकरी वाढली. त्या दिवसापासून चिंचेखालची ती गाडी मला सरकारी वाटेनाशी झाली. ती या खोऱ्यातून जाता कामा नये, एवढंच डोक्यात बसलं.

मी साहेबांना म्हटलं, मी गाडी शिकते. साहेब आधी हसले. मग त्यांनी पत्र पुन्हा काढून वाचलं. त्यात 'कोणत्याही कर्मचाऱ्यानं' असं होतं, पुरुषानं असं कुठे नव्हतं. नाही म्हणायची सोय नव्हती, म्हणून त्यांनी दुसरी सोय केली. संध्याकाळच्या आत लेखी हुकूम निघाला, की शिकाऊ व्यक्तीनं कचेरीची गाडी हमरस्त्यावर आणू नये. कारण काय, तर सार्वजनिक सुरक्षितता.

आता या सुरक्षिततेची गंमत सांगते. साहेब स्वतः सहा महिने त्याच हमरस्त्यावर गाडी शिकत होते. शिकाऊ माणसाच्या गाडीला पुढेमागे लाल रंगातली 'एल'ची पाटी लावावी लागे. ती त्यांनी लावली नव्हती, कारण ते पदाला शोभलं नसतं. मागच्याच महिन्यात त्यांनी पेंढ्यानं भरलेली एक बैलगाडी चरात घातली होती. अहवालात कारण आलं, बैल बुजले. बैल बिचारे सोडून ठेवलेले, बाभळीखाली रवंथ करत होते. पण आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, हा कचेरीचा अलिखित नियम होता, आणि लिखित नियमांपेक्षा तो जास्त पाळला जाई.

कचेरीच्या ड्रायव्हरला आम्ही सगळे मामा म्हणत असू. लढाईत ब्रह्मदेशात ट्रक चालवून आलेला माणूस. बोलणं मोजकं. मी हुकूम दाखवला तेव्हा त्यांनी तो उलटा-सुलटा करून पाहिला आणि म्हणाले, रस्ता न्हाई तर वावर हाय.

भात कापून झालं होतं. कचेरीच्या खालच्या अंगाला एकाचं मोठं खाचर रिकामं पडलं होतं. मामांनी मालकाला विचारलं, तो एका पायावर तयार झाला. मला त्या माणसाच्या मोठ्या मनाचं फार कौतुक वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी खाचरात उतरले तर तिथे भाताच्या पेंढ्या गोल पसरून ठेवलेल्या. मालक हातात पेंढा उलटायचं दाताळं घेऊन उभा. त्याचा एक बैल लंगडत होता, मळणी खोळंबली होती. बाई नाहीतरी गोल फिरणारच आहेत, तर भातावरून फिरतील, असा त्याचा सरळ हिशेब होता.

अशी मी मोटार शिकले. मी भातावरून फिरायचे, मामा शेजारी बसायचे आणि मालक मागून पेंढा उलटत हळू, हळू, दाणा फुटेल, म्हणून ओरडायचा. बैल जसे डाव्या हाताला वळत फिरतात तसंच मी फिरायचं. उजवीकडे वळू म्हटलं तर त्याला मान्य नव्हतं. त्याच्या मते त्यानं मळणी विसकटते. गिअर पहिला, फार तर दुसरा. त्याचं भात झाल्यावर शेजारचा आला, मग त्याचा चुलता. पंधरा-वीस दिवसांत निम्म्या गावाचं भात मी मळून दिलं. बाईंचा हात लई चांगला हाय, असं सगळीकडे झालं. म्हणजे दाणा स्वच्छ निघत होता. मला मात्र संध्याकाळी जेवायला बसले की ताट डावीकडे फिरताना दिसे.

संक्रांतीनंतर पुण्याला परीक्षेला गेले. मामांनी नेलं. परीक्षा घेणारे इन्स्पेक्टर वयस्क, थकलेले गृहस्थ होते. मैदानात चुन्यानं रंगवलेले दगड मांडले होते. त्यांनी फेरी मारायला सांगितली. मी डावीकडून अशी सुरेख फेरी मारली की मामांनी मान डोलावली. मग ते म्हणाले, आता उजवीकडून. मी चाक फिरवलं आणि ओळीतले चार दगड पाठोपाठ आडवे केले. गाडी कुठे शिकलात, त्यांनी विचारलं. खाचरात, मी सांगितलं. खोटं कशाला बोला, म्हणून भाताचंही सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"बाई, हे लायसन रस्त्यावर गाडी चालवायला देतात. रस्त्यावर सराव करून या."

मी परत येऊन साहेबांना निरोप सांगितला. ते म्हणाले, अवश्य करा, पण रस्त्यावर यायला आधी लायसन आणा. वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही, ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आले होते. ती सरकारी कामकाजाची पद्धत आहे, हे तेव्हा कळलं. मला इतका संताप आला की मी घरी जाऊन भांडी घासली, स्वच्छ होती तरी.

पुढची तारीख मार्चच्या शेवटच्या आठवड्यातली मिळाली. ही हुकली की गाडी गेली. खाचरं आता मोकळी होती, भात घराघरांत गेलं होतं, तेव्हा मामांनी मला उजवीकडे फिरवायला सुरुवात केली. त्याला मात्र कुणी बघायला आलं नाही. त्यात कुणाचा फायदा नव्हता. उजवीकडे वळायला मी शिकले, पण समोरून गाडी आली तर काय करायचं आणि चढण लागली तर काय, हे खाचरात कसं कळणार? खाचर सपाट असतं, म्हणून तर त्यात पाणी राहतं.

परीक्षेला चार दिवस राहिले असताना साहेबांनी मैलाच्या दगडाला धडक दिली. दगड रस्त्याकडे झुकलेला होता, असं अहवालात आलं. त्यांची जीप दुरुस्तीला पुण्याला गेली. आणि ज्या दिवशी माझी परीक्षा, नेमकी त्याच दिवशी साहेबांची पुण्याला मोठ्या साहेबांपुढे बैठक. एस.टी.त कोंबड्यांच्या पाट्यांमध्ये बसून साहेबांनी जायचं म्हणजे काय ते शोभेल? राहिली चिंचेखालची गाडी. साहेबांनी मामांना बोलावलं. मामा आले ते हाताला फडकं गुंडाळून. मनगट मुरगळलं म्हणाले. आले तेव्हा फडकं उजव्या हाताला होतं, थोड्या वेळानं डाव्या. साहेबांचं लक्ष बैठकीच्या कागदांत होतं.

साहेब मला म्हणाले, आजच्यापुरती तुम्ही चालवा, मामा शेजारी बसतील. मी म्हटलं, हुकूम आहे साहेब, हमरस्त्याचा. ते म्हणाले, अपवाद समजा. मी म्हटलं, लिहून द्या. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की बदलीच करतील, पण घड्याळ त्यांच्याही मनगटावर होतं. त्यांनी लिहून दिलं. ती चिठ्ठी मी पर्समध्ये ठेवली.

निघताना फाटकाशी ती सुईण म्हातारी बसलेली दिसली. सुईणींना औषधांची पेटी पुण्याहून मिळायची होती, ती घ्यायला ती पहाटेच चालत आली होती. तिला मागे बसवलं. साहेबही मागेच बसले, कारण पुढे बसलं असतं तर 'एल'च्या पाटीच्या वर चेहरा दिसला असता. ती पाटी म्हणजे दुधाच्या पावडरीच्या डब्याचं झाकण, मामांनी लाल रंगानं रंगवलेलं. साहेबांनी ती पाटी काढायला सुचवून पाहिलं. मामा म्हणाले, ती काढली तर कायदा मोडतोय.

ज्या हमरस्त्याचा एवढा बाऊ, तो रस्ता म्हणजे मध्ये हातभर डांबर आणि दोन्हीकडे धूळ. अर्ध्या तासात आम्हाला तीन बैलगाड्या, एक एस.टी. आणि एक सायकलवाला भेटला. सायकलवाल्यानं मला बघितलं आणि तो आपण होऊन शेतात उतरला. मी आयुष्यात पहिल्यांदा तिसरा गिअर टाकला. मला भीती वाटत होती, आणि भीतीपेक्षा आनंद जास्त होता, हे कबूल करते. साहेब मागून हॉर्न, हॉर्न म्हणत होते. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

पिरंगुटचा घाट आला. इथे त्या वेळची एक रीत सांगायला हवी. मोटार असो की ट्रक, चाकावर नवा हात असला की घाटाच्या पायथ्याशी आल्यावर आत बसलेली माणसं खाली उतरत. बायामाणसं पुढे चालू लागत, पुरुष एकेक दगड उचलून गाडीमागून चालत. चढणीवर गाडी बंद पडून मागे यायला लागली की दगड चाकाखाली सारायचा. यात अपमान नव्हता, नव्या हाताला ते सांभाळून घेणं होतं. मामांच्या पहिल्या चढणीला त्यांचा सख्खा बापसुद्धा उतरला होता.

मी पायथ्याशी गाडी थांबवली. कुणी काही बोलायच्या आत साहेब म्हणाले की त्यांना वरच्या उतारावरचं बांधबंदिस्तीचं काम बघायचंच होतं, ते जरा चालत येतील. ते उतरले. मामाही उतरले, रस्त्याच्या कडेचा एक दगड निवडला, लहानसहान नव्हे, चांगला पाटा-वरवंट्यातल्या पाट्याएवढा, आणि अदबीनं साहेबांपुढे धरला. साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. एक गाडीवान आणि डोक्यावर मोळी घेतलेल्या दोन बायका बघत उभ्या होत्या. साहेबांनी दगड घेतला. मामा परत माझ्याशेजारी येऊन बसले.

म्हातारी मात्र हलली नव्हती. मी मागे वळून म्हटलं, आजी, तुम्हीही उतरा, गाडी मागे आली तर नसती आफत. तिनं मांडीवरचं गाठोडं घट्ट धरलं.

"माझ्या लेकीसंगं समदी चालतच व्हती, बाई. चालून काय झालं? मी न्हाई उतरायची. ही गाडी वर गेली पायजे, आन मी हितं बसून बघनार हाय."

मी समोर बघितलं आणि पहिला गिअर टाकला.

पहिलं वळण डावीकडचं होतं. ते मी भात मळल्यासारखं घेतलं. दुसरं उजवीकडचं, आणि उभ्या चढणीवर. इंजिन खोकलं आणि बंद पडलं. गाडी मागे सरकायला लागली. आरशात मला साहेब दिसले. दगड चाकाखाली सारायचा सोडून त्यांनी तो छातीशी कवटाळला आणि ते कडेच्या दरडीवर चढले. तिथे त्यांचा एक बूट निसटला. माझा पाय ब्रेकवर गेला, हात हँडब्रेकवर, आणि दीड हात मागे येऊन गाडी थांबली. मामांनी शेजारून बोटही हलवलं नव्हतं. फडक्याचा हात मांडीवर तसाच होता.

"उजवीकडं घ्या, बाई," ते म्हणाले. "भात मळून झालंय."

मी इंजिन चालू केलं. क्लच सावकाश सोडत गाडी पुढे काढली. माझ्या सीटच्या लोखंडी दांड्याला मागून धरलेली म्हातारीची बोटं मला जाणवत होती. वर पोचल्यावर ती बोटं सुटली.

साहेबांची वाट बघत आम्ही वर थांबलो. बऱ्याच वेळानं ते आले, घामानं भिजलेले, आणि दगड अजून हातात. खाली टाकायचं सुचलं नव्हतं त्यांना. मामांनी तो त्यांच्या हातातून काढून घेतला.

परीक्षेला तेच इन्स्पेक्टर होते. मी डावीकडून फेरी मारली, उजवीकडून मारली, दगड सगळे उभे राहिले. रस्त्यावर सराव झाला का, त्यांनी विचारलं. घाटातून चालवत आणली, मी म्हटलं, आणि साहेबांची चिठ्ठी पुढे केली. त्यांनी ती दोनदा वाचली आणि सही केली.

मार्चअखेरच्या अहवालात साहेबांनी लिहिलं, की महिला कर्मचाऱ्यास हमरस्त्यावर व घाटमार्गावर प्रत्यक्ष प्रशिक्षण देण्यात आले, व त्या वेळी खाली सही करणार स्वतः उपस्थित होते. एकही शब्द खोटा नव्हता. गाडी राहिली. वरून साहेबांना शाबासकीचं पत्र आलं, ते त्यांनी काच घालून लावलं. मला आलं नाही, आणि मी वाटही पाहिली नव्हती. बदली होईपर्यंत साहेब माझ्या गाडीतून पुण्याला येत-जात राहिले. माझ्याकडे लायसन होतं, माझा हात बसला होता, तरी पिरंगुटला ते न चुकता उतरत, आणि दगड आपला आपण उचलत.

वैशाखात एके दिवशी दुपारी धरणापलीकडून माणूस धावत आला. म्हातारीची धाकटी लेक अडली होती. गाडी वाडीच्या जितकी जवळ नेता येईल तितकी मी नेली. लेकीला उचलून मागे निजवलं, म्हातारी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली, जावई आणि दोन दीर पायांशी कसेबसे टेकले. मामा नव्हते. एवढ्या माणसांना घेऊन एकटीनं मी कधी घाट चढले नव्हते. पायथ्याशी आल्यावर सवयीनं माझा पाय ब्रेकवर गेला. ते तिघेही सवयीनंच उठले, रस्त्याकडेला दगड शोधायला.

म्हातारीनं जावयाचा सदरा धरून त्याला खाली बसवलं. दीर आपोआप बसले.

"बसा गप," ती म्हणाली. "बाई, चल. हितं कुनी उतरत न्हाई."

मी गाडी घाटाला घातली. म्हातारीला नातू पुण्याला पोचल्यावर झाला, आणि मायलेकरं दोघंही झोळीतून नव्हे, माझ्याच गाडीतून घरी गेली.